गौण खनिज उत्खनन : खेड तालुका

रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात खाणकाम म्हणजे मुख्यतः चिरेखाणी, खडीच्या क्वारी आणि नदी-खाडीतील रेती. 1957च्या खाणी व खनिजे कायद्यानुसार ही ‘गौण खनिजे’. त्यांचे नियम राज्य शासन करते.

चिरा जांभ्या खडकाचा. खाणीत तो मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. मऊ असतानाच तो चौकोनी कापता येतो. पूर्वी टिकावाने होणारे हे काम आता फिरत्या पात्याचे यंत्र करते. कोकणातील घर, गडगा, विहीर यांना चिरा लागतोच, त्यामुळे सरसकट बंदीची भाषा इथे पटत नाही. पण ज्या सड्यावरून (जांभ्याच्या पठारावरून) तो निघतो, तो सातबाऱ्यावर बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, असतो आणि कागदावरची ही नोंदच त्याच्या मुळावर येते. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी मुरवून पायथ्याच्या झऱ्यांना आणि विहिरींना पुरवतो. खाण संपली की उरतो उभ्या कडांचा, पाणी साचलेला खड्डा.

रेतीचे गणित वेगळे. हातपाटीने पाण्यात बुडी मारून काढलेली रेती आणि सक्शन पंपाने उपसलेली रेती यांत मोठा फरक आहे: पंपाने तळ खोल जातो, काठ ढासळतात. इथल्या जगबुडी नदीच्या काठावर मगरींचाही वावर आहे. उलट जुलै 2021च्या महापुरानंतर याच परिसरात नद्यांतील गाळ काढा, ही मागणी जोरात होती, आणि तीही खरी गरज होती.

5 हेक्टरांखालील खाणपट्टे पूर्वी पर्यावरण मंजुरीतून सुटत. सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात (फेब्रुवारी 2012) ही पळवाट बंद केली. विनापरवाना उत्खननाला महसूल संहितेच्या कलम 48(7)नुसार बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही तहसील कार्यालय हिशेब ब्रासचा, म्हणजे काढलेल्या घनफळाचा, ठेवते. एका सड्यावरच्या सर्व खाणींचा पाण्यावर मिळून काय परिणाम होतो, हे पावतीवर दिसत नाही.

पश्चिम घाटाविषयीच्या माधव गाडगीळ समितीने 2011 मध्ये अतिसंवेदनशील पट्ट्यातील खाणी 2016पर्यंत बंद करण्याची शिफारस केली. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन गटाने (2013) संवेदनशील क्षेत्र कमी केले, पण त्यात खाण, क्वारी व रेतीउपशावर बंदी सुचवली. या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेच्या 31 जुलै 2024च्या सहाव्या मसुद्यात महाराष्ट्राचे 17,340 चौ. किमी. क्षेत्र आहे, खेडमधील सह्याद्रीलगतची गावे त्यात येतात. खाडीकाठची रेती मात्र बव्हंशी त्याबाहेर राहते.