जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी : विंडोजच्या आवृत्त्या आणि आपली मराठी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, चालू स्थितीतले कॉम्प्युटरही भंगारवाल्याच्या टेम्पोत चढताना मला दिसतायत. म्हणून हा थोडा इतिहास.

विंडोजची कुठली आवृत्ती चांगली, यावर आपण खूप वाद घातलाय. ९५ नं स्टार्ट बटण दिलं, एक्सपी दणकट, व्हिस्टा जड, ८ नं तेच स्टार्ट बटण काढून घेतलं वगैरे. पण मराठी माणसानं मोजायची गोष्ट वेगळी आहे : कुठल्या आवृत्तीला मराठी येत होती?

विंडोज ३.१, ९५, ९८ या तिघांनाही मूळची देवनागरी येत नव्हती. मराठी बाहेरून आणावी लागे. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम ही त्यातली नावं. यातली युक्ती अशी, की फाईलमध्ये साठायची इंग्रजी अक्षरं आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं दाखवायचा. फॉन्ट गेला की मराठी गेली, उरला इंग्रजी अक्षरांचा भुगा. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. साताऱ्यात टाईप केलेली फाईल सांगलीच्या प्रेसमध्ये उघडायची तर फॉन्टही सोबत न्यावा लागे.

खरा बदल झाला विंडोज २००० मध्ये. युनिकोडमधली देवनागरी आणि 'मंगल' हा फॉन्ट त्यात आला. आता 'क' म्हणजे २३२५ हा ठरलेला क्रमांक, फॉन्ट कुठलाही असो. पण ही आवृत्ती मुख्यतः ऑफिसांसाठी होती. घरोघरी पोचला तो २००१ चा एक्सपी. एमएस-सीआयटीच्या लाटेत कराड, विटा, तासगावच्या पोरांनी माऊस हातात घेतला तो याच काळात. एक्सपीत मराठी होती, पण झोपलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करायची, मग तो सीडी मागायचा. सीडी कुणाकडे असायची? त्यामुळे कित्येकांना आपल्या मशीनला मराठी येते हेच कळलं नाही. जुने फॉन्ट तसेच चालत राहिले.

ज्या व्हिस्टाला सगळ्यांनी नावं ठेवली, त्यात मराठी आधीपासून चालू होती. पुढं विंडोज ७ मुळं ती सगळीकडं पोचली. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ ला, म्हणून एक्सपीच्या मूळ मंगलमध्ये त्या जागी चौकोन दिसायचा. ₹ हे चिन्ह २०१० चं. ते विंडोज ७ ला नंतर अपडेटनं मिळालं.

फरक किती पडला ते आपल्या वाईत बघा. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. त्याचा मजकूर युनिकोडमध्ये आला, म्हणून आज शिराळ्यातला विद्यार्थी मोबाईलवर एक शब्द टाकून नोंद शोधू शकतो. जुन्या फॉन्टमध्ये राहिला असता तर असा शोध लागलाच नसता.

आता मुद्द्याचं. १९९५ ते २०१० या काळातले आपल्याकडचे दिवाळी अंक, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, गावांचे इतिहास हे मोठ्या प्रमाणात जुन्या फॉन्टमध्ये, पेजमेकरच्या फायलींत आहेत. छापील प्रती पुरात भिजतात, हे २०१९ ला सांगलीनं बघितलंय. आणि त्यांच्या मूळ फायली या भंगारातल्या हार्ड डिस्कमध्ये आहेत.

म्हणून विनंती आहे. मशीन विकण्याआधी मराठी फायली काढून घ्या, आणि त्यांच्यासोबत फॉन्टही घ्या, नाहीतर उपयोग नाही. मशीन चालू आहे तोवर पीडीएफ करून ठेवा. मग सवडीनं युनिकोडमध्ये बदला. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टला वेगळा लागतो. जोडाक्षरं आणि 'ऱ्या' हमखास बिघडतात, तेव्हा कुणीतरी डोळ्याखालून घालायला हवं. ग्रंथालयं, पतसंस्था, जुने प्रेसवाले, तुमच्या ओळखीत जे असतील त्यांना या आठवड्यात एक फोन करा. टेम्पो गेल्यावर काही करता येणार नाही.