झाकल्या मुठीचे नगर

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही आपली म्हण स्पॅनिश कादंबरीकारांना ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत त्यांनी नगरजीवनाचे जे चित्र रेखाटले, त्याचे मर्म तिच्यात सापडते. दारिद्र्याहूनही दारिद्र्य झाकण्याची धडपड त्यांनी अधिक बारकाईने न्याहाळली आहे.

बेनितो पेरेस गाल्दोस यांची ‘मिसेरिकोर्दिया’ १८९७ सालची. तीतील बेनिना ही माद्रिदची मोलकरीण चर्चच्या दाराशी भीक मागून आपल्या विपन्न मालकिणीला जेवू घालते, आणि आपण एका धर्मगुरूच्या घरी स्वयंपाकाला जातो, अशी बतावणी करते. एकीची मूठ झाकलेली राहावी म्हणून दुसरीने हात पसरायचा! पुढे मालकिणीला वारसाने पैसा मिळतो, तेव्हा त्या घरात बेनिनालाच जागा उरत नाही.

कामिलो होसे सेला यांच्या ‘ला कोल्मेना’त, म्हणजे ‘मधाच्या पोळ्या’त, यादवी युद्धानंतरचे भुकेले माद्रिद आहे. फ्रँकोच्या राजवटीत सेन्सॉरमुळे ते १९५१ साली ब्वेनोस आयरेसला छापावे लागले. त्यातील कॅफेच्या टेबलांचा संगमरवर पूर्वी थडग्यांवरचा. वर कॉफीचे पेले, खाली मृतांची नावे.

२००८ साली स्पेनमधील घरबांधणीचा फुगा फुटला. २०१३ च्या आरंभी काम करू इच्छिणाऱ्या दर चौघांमागे एकाहून अधिक बेकार होता. भूक झाकणाऱ्या समाजाने मधल्या काळात कर्ज झाकण्याची कला साधली होती. रफाएल चिर्बेस (१९४९–२०१५) यांनी ‘क्रेमातोरियो’त (२००७) किनारपट्टीवरील बांधकामाच्या भरभराटीची चिकित्सा आधीच केली होती. ‘एन ला ओरिया’त (२०१३) सत्तरीचा सुतार एस्तेबान एका बांधकाम-व्यावसायिकाच्या नादाने बुडतो, सुतारखाना बंद पडतो आणि कामगार रस्त्यावर येतात. गावाशेजारची दलदल, जिच्यात नकोसे सारे पिढ्यान् पिढ्या लोटले गेले, तीच येथे इतिहासाची वही होते.

एल्विरा नावारो यांच्या ‘ला त्राबाखादोरा’ची (२०१४) नायिका मुद्रिते तपासणारी सुशिक्षित स्त्री. प्रकाशनसंस्थेकडून मोबदला वेळेवर मिळत नाही, म्हणून तिला माद्रिदच्या आलूचे वस्तीतील घरातली एक खोली परकीला द्यावी लागते. तिच्यासाठी हात पसरणारी बेनिना कोणी नाही. पांढरपेशाच्या अब्रूची किंमत आजवर दुसऱ्याने चुकती केली. आता ती त्याच्याच दारी वसुलीला आली आहे, हे या नव्या कादंबरीचे सांगणे होय.