सुरतेचा दस्तूर आणि पॅरिसचा शिष्य

सुरत म्हटले की मराठी वाचकाच्या मनात 1664 आणि 1670 या मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या दोन सालांपलीकडे सहसा काही येत नाही. परंतु ज्या बंदरावरून हाजींची जहाजे सुटत आणि जेथे इंग्रज, डच, फ्रेंच वखारवाले परस्परांवर डोळा ठेवून राहत, त्याच बंदरात, पारशांमध्ये इराणी पंचांगाचा वाद घरोघर धुमसत असता, युरोपातील भाषाशास्त्राच्या एका मोठ्या शाखेचा पाया घातला गेला, याची दखल आपल्याकडे फारशी कोणी घेतलेली नाही.

या कथेचा आरंभ पॅरिसमध्ये आहे. सुरतेच्या पारशांकडून मिळवलेली, त्यांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातील वेंदिदादची एक पोथी ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात येऊन पडली होती. ती वाचू शकेल असा एकही पंडित युरोपात नव्हता. तिच्या चार पानांची नक्कल 1754 मध्ये पाहून आब्राहम आंकतिल द्यूपेराँ नावाच्या अवघ्या बावीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने त्या पोथीची भाषा तिच्या जाणत्यांच्या तोंडून शिकण्याचा निश्चय केला. प्रवासाचा खर्च कोण करणार? तो सरळ फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत साधा शिपाई म्हणून दाखल झाला. सुदैवाने जहाज सुटण्यापूर्वीच त्याच्या हितचिंतकांनी राजदरबारी खटपट करून त्याला मोफत प्रवास व तुटपुंजे वेतन मिळवून दिले. परदेशी विद्याभ्यासासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळण्याची रीत आज रूढ झाली आहे. तेव्हा ती केवळ कृपा होती.

1755 मध्ये पाँडिचेरीस उतरलेला हा गृहस्थ भटकत भटकत 1758 मध्ये गोव्याहून घाट चढून, पेशव्यांच्या मुलखातून सुरतेस आला. त्या मुलखातील लोकांचे साधेपण, आतिथ्य व सुखी जीवन यांचे त्याने मोठ्या कौतुकाने वर्णन केले आहे. त्या काळच्या इतर परकीय प्रवाशांची आपल्यावरील शेरेबाजी वाचली म्हणजे हा अपवाद ठळक दिसतो.

सुरतेत त्याने गाठले दस्तूर, म्हणजे पारशी धर्मगुरू, दाराब कुमाना यांना. या दाराबांची विद्यापरंपरा मोलाची होती: 1720 च्या सुमारास किर्मानहून आलेल्या जामास्प विलायती नावाच्या इराणी पंडिताने गुजरातेतील ज्या निवडक दस्तूरांना पहलवी ही जुनी इराणी भाषा शिकवली, त्यांतील ते एक होते. पंचांगाच्या वादात समाजाचे दोन तट पडले; दाराबांच्या विरुद्ध पक्षाचे पुढारी मुनचेरजी हे डच वखारीचे दलाल होते. आंकतिलच्या विद्येचा बराच भाग या भांडणाच्या पोटातून आला, असे माझे मत आहे. दस्तूरांनी दिलेली वेंदिदादची प्रत त्याला अपुरी वाटू लागली, तेव्हा डच वखारीच्या मुख्याकरवी मुनचेरजींकडील प्रत मिळवून त्याने दोन्ही ताडून पाहिल्या आणि दाराबांची लबाडी उघडी पाडली. ग्रंथाचा पाठ प्रतींची तुलना करून निश्चित करण्याचा हा धडा त्याला पॅरिसमध्ये नव्हे, येथे, एका बंदरातल्या वैराने दिला. शिकवणी फारसी भाषेतून चाले. दस्तूर मोबदला घेत आणि ज्ञान हातचे राखून देत, अशी त्याची तक्रार आहे. परंतु आपल्या धर्माची गुपिते परक्याला देणाऱ्याने पुरेसा मोबदला मागू नये काय, हेही विचारणे उचित ठरेल!

राजकारण त्याच्याभोवती फिरतच होते. 1759 च्या मार्चमध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला, नबाब नावापुरता उरला, आणि फ्रेंचांची स्थिती दुर्बळ झाली. त्याच वर्षी द्वंद्वयुद्धात आंकतिलच्या हातून त्याचा एक देशबांधव मारला गेला. तेव्हा या विद्यार्थ्याने इंग्रजांच्याच वखारीचा आसरा घेतला. पुढे 1761 मध्ये परतीचा प्रवासही शत्रूच्याच जहाजातून झाला, आणि इंग्लंडात काही काळ कैद भोगून ऑक्सफर्डची ती मूळ पोथी आपल्या पोथ्यांशी ताडून पाहूनच तो 1762 च्या मार्चमध्ये पॅरिसला पोचला. दुसऱ्याच दिवशी त्याने 180 हस्तलिखिते राजग्रंथालयात जमा केली.

1771 मध्ये त्याचे अवेस्ताचे तीन खंडांचे भाषांतर निघाले तेव्हा इंग्रज पंडित विल्यम जोन्सने, जो पुढे संस्कृतचा अभिमानी झाला, त्याची निर्भर्त्सना केली: ग्रंथ बनावट, विषय क्षुद्र! या दोषारोपाचे निरसन व्हायला पन्नासाहून अधिक वर्षे लागली. 1820 च्या दशकात डेन्मार्कचा रास्मुस रास्क मुंबईत येऊन पोथ्या घेऊन गेला व त्याने अवेस्ताची प्राचीनता सिद्ध केली. 1833 मध्ये फ्रेंच पंडित ब्यूर्नूफने आंकतिलच्याच हस्तलिखितांवरून अवेस्तातील यस्नावरील टीका छापली आणि संस्कृतच्या आधाराने अर्थ लावण्याची वाट उघडली.

आणि मग प्रवाहाने दिशा बदलली. मुंबईचे खरशेदजी रुस्तमजी कामा युरोपात असता पॅरिसला मोल व ऑपर्ट आणि एर्लांगेनला श्पीगेल यांच्याजवळ बसून आपल्या पूर्वजांची भाषा शिकले. 1859 मध्ये जर्मन पंडित मार्टिन हाउग पुण्याच्या कॉलेजात संस्कृतचा अध्यापक म्हणून रुजू झाला. 1863–64 मध्ये त्याने सरकारी खर्चाने गुजरातभर हिंडून पोथ्या गोळा केल्या. कामांनी मात्र परतल्यावर, 1861 पासून, आपल्या घरी वर्ग भरवला. त्यात बसत ते तरुण मोबेद, म्हणजे पारशी पुरोहित, ज्यांना मंत्र मुखोद्गत होते आणि ज्यांना आता त्यांचे व्याकरण शिकवले जात होते.