पोटातले जंतू आणि म्हातारपणीचे विस्मरण

पोट बिघडले की डोके ठिकाणावर राहत नाही, हे आपल्याकडे वैद्याला विचारल्यावाचूनही घरोघर ठाऊक असते. परंतु घरगुती अनुभव निराळा आणि सिद्ध झालेले शास्त्र निराळे. या दोहोंमधले अंतर एका उडीत ओलांडू पाहणाऱ्यांनी माणसांची केवढी हानी केली, हे इतिहासात नोंदलेले आहे. मी डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेचे काम करता करता जे वाचले, त्याच्या आधारे हा इतिहास आपल्यापुढे मांडीत आहे.

25 नोव्हेंबर 1901 रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. तिला स्वतःचे नावदेखील धड लिहून पुरे करता येईना. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, असे ती म्हणे. 1906 च्या एप्रिलमध्ये ती वारली. तिला तपासणारे डॉ. आलोइस आल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत गुंतागुंत झालेले तंतू आढळले. त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे सांगितले. सभेने फारशी दखल घेतली नाही. 1910 मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला आल्झायमरांचे नाव दिले.

याच सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेच्निकॉव्ह हे रशियन शास्त्रज्ञ वार्धक्याचा विचार करीत होते. मोठ्या आतड्यातले जंतू अन्न कुजवतात, त्यातून विष तयार होते आणि ते अंगात भिनून माणूस जराजर्जर होतो, असे त्यांचे मत होते. बल्गेरियातले शेतकरी आंबवलेले दूध पितात व दीर्घायुषी होतात, या समजुतीवरून त्यांनी तसल्या दुधाचा पुरस्कार केला. 1908 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु ते रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी, दुधासाठी नव्हे. लोकांनी मात्र हा फरक ध्यानात घेतला नाही.

पुढे जे घडले ते भयंकर आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ट्रेंटन येथील सरकारी मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. हेन्री कॉटन हे क्रेपेलिन व आल्झायमर यांच्याच हाताखाली शिकलेले. अंगात कोठे तरी दडलेल्या जंतुसंसर्गामुळेच वेड लागते, अशी त्यांची खात्री झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून त्यांनी रुग्णांचे दात उपटले, मग टॉन्सिल काढले, आणि शेवटी मोठी आतडी कापून टाकली. शंभरातले 85 रुग्ण बरे होतात, असे ते सांगत. आतड्याच्या शस्त्रक्रियेत शंभरातले 25 ते 30 दगावत, हे त्यांचे त्यांनाच मान्य होते! रुग्ण व नातेवाईक नको म्हणत असतानाही शस्त्रक्रिया होत. डॉ. फिलिस ग्रीनेकर या विदुषीने 1924-25 मध्ये चौकशी करून त्यांचे दावे खोटे ठरवले. पण तो अहवाल दाबून ठेवण्यात आला. ज्यांना बाजू मांडायला तोंड नव्हते, त्यांच्या देहावर हा सिद्धांत चालवला गेला.

साहजिकच पुढे ही कल्पना बदनाम झाली. पण बदनाम झालेली कल्पना सर्वस्वी खोटीच असते असे नव्हे. 2017 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी आल्झायमरसारखी विकृती होणारे उंदीर पूर्णपणे जंतुविरहित वाढवले. त्यांच्या मेंदूत पुंजके कमी साचले. आजारी उंदरांचे जंतू त्यांच्या पोटात सोडताच ते वाढले. त्याच वर्षी अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे 25 रुग्णांच्या आतड्यांत निरोगी माणसांपेक्षा जंतूंचे प्रकार कमी आढळले. 2023 मध्ये सेंट लुईस येथील विद्यापीठात, स्मरणशक्ती शाबूत असलेल्या 164 माणसांपैकी ज्या 49 जणांत रोगाची छुपी चिन्हे होती, त्यांच्या पोटातील जंतू इतरांहून निराळे निघाले.

मग जंतूंमुळेच हा रोग होतो काय? येथे गिरणीचा दाखला उपयोगी पडेल. कार्डिंग खात्यातल्या कामगाराला खोकला आहे, एवढ्याने कापसाची धूळ दोषी ठरत नाही. तो विड्या ओढतो, असे मालक म्हणणारच. पण साप्ताहिक सुट्टीत छाती मोकळी होते आणि सोमवारी खात्यात पाऊल टाकताच पुन्हा आवळते, हे दिसले की पुरावा उभा राहतो. कारण काढले की परिणाम ओसरतो व कारण परत आणले की परिणाम परत येतो, ही खरी कसोटी. आतड्यातले जंतू या कसोटीला उंदरांत उतरले आहेत, माणसांत नाही. माणसात रोगामुळे खाणे बदलून जंतू बदलत असतील, असेही संभवते. चीनने 2019 मध्ये आतड्यातील जंतूंवर परिणाम करून गुण देते असे सांगितलेल्या एका औषधाला सशर्त परवानगी दिली; 2022 मध्ये त्याची जागतिक चाचणी अर्ध्यावरच थांबली.

दही-ताक जरूर घ्यावे, ते चांगले अन्न आहे. मात्र स्मरणशक्तीची हमी देऊन जंतूंच्या कुप्या विकणाऱ्याला पदरचे पैसे देण्यापूर्वी पुरावा मागावा. 2024 मध्ये ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणे सांगितली. त्यांत अपुरे शिक्षण आहे, रक्तदाब आहे, बहिरेपण आहे, एकाकीपणा आहे, दूषित हवा आहे. आतड्यातले जंतू अद्याप नाहीत. शाळा, दवाखाना आणि स्वच्छ हवा या मागण्या कामगारांनी पूर्वीपासून केलेल्या आहेत. प्रयोगशाळेने आपले काम शांतपणे पुरे करावे. या मागण्यांसाठी मात्र तिच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.