पत्र्यावरचे अक्षर



'अक्षर' या शब्दाची फोड आपण सर्वांनी शाळेत शिकलेली आहे. जे क्षर होत नाही, नाश पावत नाही, ते अक्षर. आज मला बोलायचे आहे ते मात्र ग्रंथातल्या अक्षराविषयी नव्हे, तर रस्त्याकडेच्या पाटीवरच्या अक्षराविषयी. ते टिकते की नाही हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नसून ऊन, पाऊस, पत्रा आणि रंग यांचा आहे. आणि त्याला इतिहासही आहे.

पनवेलहून कळंबोलीकडे निघावे आणि रोडपालीत शिरावे. एका बाजूला लोखंड-पोलादाचा बाजार, दुसऱ्या बाजूला तळोज्याची औद्योगिक वसाहत, मधोमध जुने गाव आणि त्याभोवती उभ्या राहिलेल्या इमारती. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली आणि हे गाव तिच्या हद्दीत आले. अशा ठिकाणी माणूस वाटेत कोणाला पत्ता विचारण्यापेक्षा पाटी वाचतो. पाट्यांना येथे तोटा नाही. पण त्यांतल्या कित्येक दोन-तीन पावसाळ्यांतच आंधळ्या होतात. चिकटवलेल्या अक्षरांच्या कडा उचलतात, मग एखादे अक्षर गळते. 'येथे वाहने उभी करू नयेत' या वाक्यातला शेवटचा शब्द गळाला तर काय उरते, ते आपणच वाचून पाहा! हा झाला विनोद. पण हीच अवस्था रसायनांच्या टँकरवरील सूचनेची झाली, तर तो विनोद राहत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे : जे अक्षर पाटीवर चिकटवले जाते ते तिच्या घरी पाहुणे असते, जे रंगवले जाते ते घरचे होते. छाप्यातून रंगवलेल्या अक्षरात हे घरचेपण तर असतेच, शिवाय शंभर पाट्यांवर एकच वळण राखण्याची शिस्तही असते. ही कला आपल्याकडे कशी वाढली आणि ती आता का जपावी, हे पाहू.

आपल्याच जिल्ह्यातून आरंभ करू. अलिबागजवळ आक्षी येथे एक शिलालेख आहे. शिलाहारांच्या काळातील हा लेख शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२चा मानला जातो आणि मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यात हजार वर्षे तो का टिकला? कारण त्यातले अक्षर दगडावर ठेवलेले नाही, ते दगडातच कोरलेले आहे. गळून पडायला तेथे वेगळे असे काही नाही. पाटी रंगवणाऱ्या कारागिराला हेच साधायचे असते; फक्त त्याच्या हाती टाकीऐवजी कुंचला असतो.

दुसरे उदाहरण याहूनही घरगुती आहे. गावच्या वेशीवरच्या मारुतीला आपण तेलात कालवलेला शेंदूर लावतो. हा शेंदूर म्हणजे शिसे भाजून केलेले त्याचे लाल ऑक्साइड. युरोपात लोखंडी पूल आणि जहाजे गंजू नयेत म्हणून जवसाच्या तेलात कालवून जे पहिले अस्तर देत, ते याच द्रव्याचे. जवसाचे तेल पाण्यासारखे वाफ होऊन सुकत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्याची चिवट कातडी बनते. म्हणूनच तेलरंगाचा लेप पृष्ठभागाला धरून बसतो. विषारी शिशामुळे आज या रंगांवर निर्बंध आहेत : घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. द्रव्य बदलले, तत्त्व बदलले नाही.

आता छाप्याकडे वळू. एखादी आकृती कापून काढावी, ती पृष्ठभागावर ठेवावी आणि भोकातून रंग आत सोडावा, ही युक्ती फार जुनी आहे. चीनमधील तुनह्वांगच्या गुहांत बुद्धाच्या आकृती उमटवण्यासाठी टोचलेले कागद सापडले आहेत. जपानात कापड रंगवण्यासाठी कागदी छापे कापण्याची कला अतिशय सूक्ष्मतेला पोचली. आपल्याकडील चित्रकार खाका झाडत. म्हणजे टोचलेल्या चित्रावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटून खाली ठिपक्यांची रेघ उमटवत. आणि इतके दूर जायला तरी कशाला हवे? दिवाळीत अंगणात रांगोळीचा भोके पाडलेला छापा ठेवून लक्ष्मीची पावले काढणारी आपली आजी हेच शास्त्र चालवीत होती. तिला 'स्टेन्सिल' हा शब्द ठाऊक नव्हता, एवढेच.

हा शब्द आपल्याकडे रूढ झाला तो कचेऱ्यांतून आणि शाळांतून. सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर 'स्टेन्सिल कापणे' हे ज्येष्ठांना आठवत असेल. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका तशा निघत, आणि १९४२च्या आंदोलनात भूमिगतांची पत्रकेही तशीच निघाली. कागदावरचा छापा आणि पत्र्यावरचा छापा ही सख्खी भावंडे होत.

पत्र्यावरच्या छाप्याला खरे काम दिले ते आगगाडीने. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढे मालडब्यांची संख्या वाढत गेली. मालडब्यावर केवळ नाव असून भागत नाही. त्याचा क्रमांक, रिकामे वजन, किती भार न्यायचा ती मर्यादा आणि दुरुस्तीची तारीख हे सारे दिसावे लागते. शिवाय ही तारीख प्रत्येक दुरुस्तीला बदलते. हजारो डब्यांवर हे काम हौशी हस्ताक्षरात करून चालणारे नव्हते. माटुंग्याचा रेल्वे कारखाना १९१५ सालचा. अशा कारखान्यांतून छाप्याने अंक उमटवणे ही रोजची बाब झाली. स्वातंत्र्यानंतर तेच सरकारी कामांतून खेड्यापर्यंत पोचले. १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा आणि १९५८ साली हिवताप निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यातील कर्मचारी घराच्या भिंतीवर छाप्याने चौकट उमटवीत आणि तिच्यात भेटीच्या तारखा लिहीत. ज्या घरात छापील पुस्तक नव्हते, त्या घराच्या भिंतीवरही छाप्याचे अक्षर जाऊन बसले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. महाराष्ट्रात हातचलाखीने रंगवणाऱ्या कलावंतांची मोठी परंपरा आहे. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवता रंगवता 'बाबूराव पेंटर' झाले आणि चित्रपटनिर्मितीत नाव मिळवते झाले. पंढरपूरला जन्मलेले हुसेन मुंबईत तरुणपणी चित्रपटांचे प्रचंड फलक रंगवीत. त्यांच्या कुंचल्याला छाप्याची गरज नव्हती. छाप्याने काम करणारा रंगारी हा त्यांचा निनावी भाऊ. त्याच्या कामात सही नसते. पण पहिल्या आणि शंभराव्या पाटीत फरक नसतो. दोघांचे मोल वेगवेगळ्या तराजूत करावे.

रोमन लिपीला छापा सोपा गेला. सव्वीस अक्षरे आणि दहा अंक पितळेच्या पत्र्यात कापले की पेटी तयार. देवनागरीचे तसे नाही. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, जोडाक्षरे. यामुळे सुट्या अक्षरांची पेटी करू म्हटले तर पेटीची पेटारा होते. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी आणि त्यांच्या पिढीतल्या कारागिरांनी खिळ्यांच्या बाबतीत हीच अडचण सोसली होती. म्हणून आपला रंगारी बहुधा अक्षर न कापता अख्खा शब्दच कापतो.

पण त्यात आणखी एक पेच आहे. 'रोडपाली' हाच शब्द घ्या. 'प'च्या पोटात एक बंद पोकळी आहे आणि शेवटच्या दीर्घ वेलांटीच्या कमानीखाली दुसरी. अक्षर कापले की ही दोन बेटे सुटून खाली पडतात. त्यांना धरून ठेवायला पत्र्याचे बारीक पूल ठेवावे लागतात, आणि रंगवल्यावर त्या जागी फटी दिसतात. यावरचा तोडगा मोठा सुंदर आहे. शिरोरेषा कापायचीच नाही! मग 'प'चे पोट वरून मोकळे होते, कमान खालून मोकळी होते, आणि न कापलेली शिरोरेषेची पट्टी हाच दोन्ही बेटांना सांभाळणारा एकमेव पूल ठरतो. छापा उचलल्यावर पट्टी धरून हाताने एक सरळ रेघ ओढली की शब्द पुरा झाला. मराठी माणूस लिहितानाही अक्षरे आधी काढतो आणि रेघ मागाहून देतो. हाताचीच सवय येथे पत्र्याला उपयोगी पडली.

आता या कामाचा शत्रू कोण ते पाहू. विनाइल म्हणजे पी. व्ही. सी. नावाचे प्लास्टिक, ते मुळात कडक असते, त्याला लवचीक करण्यासाठी त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळतात. १९८०च्या दशकात संगणकावर चालणारी कापणी यंत्रे परदेशात प्रचारात आली आणि पुढे आपल्याकडेही पोचली. मागोमाग फ्लेक्स आले. तासाभरात फलक तयार होऊ लागला आणि कित्येक रंगाऱ्यांच्या हातचे काम गेले. परंतु उन्हाने ती लवचीक द्रव्ये हळूहळू निघून जातात, स्वस्त विनाइल आक्रसते, कडा उचलतात, आणि एकदा कडेखाली पाणी शिरले की डिंकाचे काही चालत नाही. ज्या रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, ज्या रोडपालीच्या शेजारी कारखान्यांचा धूर आणि खाडीची खारी हवा आहे, तेथे हे लवकर घडते यात नवल नाही.

तरीही यंत्राला शिव्या देऊन इतिहास मागे फिरत नाही, आणि तसे करण्याचे कारणही नाही. महामार्गावरच्या ज्या खुणा रात्री गाडीच्या दिव्यात चमकाव्या लागतात, त्यांना परावर्तक पत्रकच हवे. साधा रंग तेथे अपुरा आहे. आणि खरी गंमत तर पुढेच आहे. ज्या यंत्राने रंगाऱ्याचे काम घेतले, तेच यंत्र त्याला उत्तम छापा कापून देते. विनाइलचे अक्षर पाटीवर ठेवू नका; अक्षर काढून टाका आणि भोवतालचा कागद पाटीवर चिकटवा. त्यातून रंग भरा आणि कागद सोलून टाका. चिकटलेल्या कागदात बेटे आपापल्या जागी बसतात, पुलांची गरजच उरत नाही. विनाइल निघून जाते, रंग राहतो. पाहुण्याने येऊन घर बांधून द्यावे आणि निरोप घ्यावा, तसा हा प्रकार आहे.

मात्र कामात घाई नको. पत्रा तेलकट असेल तर धुवावा, काचकागदाने घासावा. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर तेलरंग थेट लावू नये, कारण जस्ताशी तेलाची प्रक्रिया होऊन रंगाचे पापुद्रे सुटतात. त्याला त्याचे वेगळे अस्तर लागते. अस्तरानंतर पाटीच्या रंगाचे दोन हात द्यावेत आणि ते पुरते वाळू द्यावेत. अक्षराचा रंग कुंचल्यावर अगदी थोडा घ्यावा, कुंचला उभा धरून ठोकत जावे. रंग जास्त झाला की तो छाप्याखाली शिरतो आणि अक्षराला दाढी फुटते. चिकट कागद रंग पुरता कडक होण्याआधी सोलावा, म्हणजे कड स्वच्छ निघते. दहा वर्षांनी अक्षर फिके पडले तर तोच छापा पुन्हा ठेवावा. चिकटवलेली पाटी बिघडली की फेकावी लागते. रंगवलेली पाटी दुरुस्त होते.

या साऱ्याला आज एक नवे महत्त्व आले आहे. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन महाराष्ट्रातील लहानमोठ्या सर्व दुकानांना देवनागरी लिपीतील मराठी पाटी आवश्यक झाली. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या लागल्या, हे चांगलेच झाले. पण मुदतीच्या घाईत लावलेली पाटी चार वर्षांनी वाचता आली नाही, तर कायदा पाळला गेला आणि मराठी मात्र पुसली गेली, असे होईल. भाषेचा अभिमान सभेत सांगायचा असतो, तसाच तो पत्र्यावरही नीट रंगवायचा असतो.

इंग्रजी पाटीवर रोडपालीचे नाव 'रोड' या शब्दाने सुरू होते, आणि परका माणूस त्यातून रस्ताच समजतो. गावाचे नाव नीट उच्चारायला लावते ती देवनागरीतली पाटी. म्हणून कोणत्याही वेशीवर एक तरी पाटी अशी असावी, की जिची शिरोरेषा कोण्या रंगाऱ्याने श्वास रोखून ओढलेली आहे, आणि जी पुढच्या पिढीला फक्त पुन्हा रंगवावी लागेल, पुन्हा लिहावी लागणार नाही. आक्षीच्या कारागिराचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याचे अक्षर मात्र आपण अजून वाचतो.