पटाआडचा पंच

‘थाउजंड पार्सेक’ हे नाव ऐकून एखादा खेळ वाटतो. पण तो खेळ नाही. अंतराळातल्या साम्राज्यांचे डावपेची खेळ ज्याच्या आधारावर उभे करता येतात, असं ते ओपन सोर्स फ्रेमवर्क आहे. टिम अँसेल, ली बेग आणि त्यांच्या देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी ते या शतकाच्या पहिल्या दशकात घडवलं. पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षांचं अंतर. ग्रह वसवायचे, जहाजं बांधायची, शेजाऱ्याशी तह करायचा नाही तर त्याच्यावर चालून जायचं, असा या खेळांचा मामला. त्यांचं कूळ शोधणारे बहुधा बुद्धिबळापाशी जाऊन थांबतात. मला ते पुरेसं वाटत नाही. बुद्धिबळात दोघांनाही अख्खा पट दिसतो आणि पाळी आळीपाळीने येते. लढाईत यातलं काहीच नसतं, आणि ते समजायला जालना जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही.

भोकरदन-जाफराबाद पट्ट्यात असई हे गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी इथे इंग्रज फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली याची गाठ शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी पडली. इंग्रजांचीच स्टीव्हन्सनच्या हाताखालची दुसरी तुकडी येऊन मिळायच्या आधीच, म्हणजे वेलस्लीच्या आखणीपेक्षा लवकर. मध्ये केळना नदी. आसपास उतार नाही, असं वाटाडे सांगत होते. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरूड ही गावं दिसली. दोन गावं अशी समोरासमोर असतील तर माणसं नदी ओलांडत असणारच, हा त्याचा अंदाज खरा ठरला आणि सैन्य पार झालं. पण त्याचा दुसरा अंदाज चुकला. बाजूने हल्ला केला की मराठ्यांच्या कवायती पलटणींना वेळेत तोंड फिरवता येणार नाही, असं त्याने धरलं होतं. शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमन या युरोपीय सेनानीच्या हाताखालच्या त्या पलटणींनी केळना आणि जुई या नद्यांच्या मधल्या जागेत अख्खी फळी वळवली, तोफांसकट. इंग्रजांनी लढाई जिंकली, पण त्यांच्याकडचे मृत आणि जखमी दीड हजारांच्या वर गेले. दोन्ही सेनापती आपल्याला ठाऊक होतं तेवढ्यावर हुकूम देत होते, आणि दोघांनाही सगळं ठाऊक नव्हतं.

हे अज्ञान खेळात आणायचं कसं? त्याचं उत्तर पुढच्या वीस-एक वर्षांत प्रशियात सापडलं. राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ रचला. बापाने तो 1812 मध्ये राजाला दाखवला, लेकाने 1824 मध्ये सुधारलेले नियम छापले. 1:8000 प्रमाणाचा नकाशा, लाल-निळे ठोकळे आणि लढाईतल्या दोन मिनिटांची एक पाळी. खरी नवलाई मात्र पंचाची होती. खेळाडूंनी हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे. तो दोघांचे हुकूम एकत्र अंमलात आणणार, मारामारीचा निकाल लावणार, आणि ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढेच ठोकळे त्याच्यापुढे मांडणार. सगळा पट एकट्या पंचाला ठाऊक. थाउजंड पार्सेकचा खरा मूळपुरुष हाच पंच, असं माझं मत आहे.

पंचाला संगणकाचं रूप आलं ते टपालामुळे. अमेरिकेतल्या रिक लूमिस यांनी 1970 मध्ये टपालाने खेळायचे डाव चालवायला घेतले. त्यांच्या ‘फ्लाइंग बफेलो’ या संस्थेने 1976 मध्ये ‘स्टारवेब’ हा अंतराळातला खेळ आणला. खेळाडू हुकूम पत्राने पाठवत, संगणक ते एका दमात सोडवी, आणि ज्याचा त्याला निकाल टपालाने जाई. 1992 च्या ‘व्हीजीए प्लॅनेट्स’मध्ये पत्राच्या जागी फाइल आली. ‘स्टार्स!’ हा 1990 च्या दशकातला खेळही त्याच वळणाचा. पण या प्रत्येकाचे नियम त्या त्या प्रोग्रॅमच्या पोटात बंद होते. नवा खेळ सुचला तर पट, टपाल, पंच, सगळं पहिल्यापासून बांधायचं.

थाउजंड पार्सेकने नेमकं हेच तोडलं. खेळाडूचा प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, एवढंच त्याच्या कर्त्यांनी पक्कं ठरवून जाहीर केलं. विश्वात वस्तू असतात, वस्तूंना हुकूम देता येतात, पाळी संपली की सर्व्हर सगळे हुकूम एकत्र सोडवतो. कोणत्या वस्तू, कोणते हुकूम, हे नियमसंच ठरवतो आणि तो सर्व्हरकडे राहतो. मला सर्वांत आवडते ती गोष्ट अशी, की खेळाडूच्या प्रोग्रॅमला नियम आधी माहीत असावे लागत नाहीत. अमुक जहाजाला कोणता हुकूम देता येतो आणि त्यासोबत काय माहिती भरायची, हे सर्व्हरच त्याला कळवतो. त्यामुळे एकाच प्रोग्रॅममधून ‘मिनिसेक’सारखा छोटा, सोपा नियमसंचही खेळता येतो आणि ‘रिस्क’ या पटावरच्या खेळाचा अंतराळी अवतारही. जहाजांची रचना करताना कोणता भाग कशासोबत बसतो, हे सांगण्यासाठी त्यांनी ‘स्कीम’ या भाषेचा एक लहान तुकडा वापरला. एखादी रचना चालेल की नाही, ते सर्व्हरला दर वेळी न विचारता खेळाडूच्याच संगणकावर तपासता येतं.

या मोकळेपणाची किंमतही आहे. कुठल्याही नियमांना पुरणारा खेळाडूपुढचा पडदा कुठल्याच एका खेळासाठी सजवलेला नसतो. पण पंचाची जुनी शिस्त इथे पूर्ण पाळली गेली. इतर अनेक खेळांत संगणकी प्रतिस्पर्धी खेळाच्या पोटातच बसलेला असतो आणि अवघड पातळीवर त्याला लपलेला पटही चोरून दिसू शकतो. इथे तो माणसासारखाच बाहेरून, त्याच दाराने सर्व्हरशी जोडला जातो, तोच ठरलेला संवाद करतो, आणि त्यालाही पंच दाखवील तेवढंच दिसतं.