फोटोच्या मागे नाव लिहा

  आज बोलू या लढाईतल्या फोटोंबद्दल.

पूर्वी फोटो म्हणजे तीन पायांवरचा मोठा कॅमेरा. १९१२ मध्ये कोडॅक कंपनीने खिशात मावेल असा घडीचा कॅमेरा काढला. दोन वर्षांनी पहिलं महायुद्ध पेटलं आणि तो कॅमेरा लढाईवर गेला.

नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांच्या फौजेने आजच्या इराकमध्ये शिरून बसरा शहर घेतलं. ही पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. पुढे कुत गावात तुर्कांनी तिला वेढलं. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, जवळपास पाच महिने. अन्न संपलं, घोडे कापून खायची पाळी आली. शेवटी सुमारे १३,००० जण कैद झाले. त्यातले हजारो घरी परतलेच नाहीत.

या मोहिमेचे फोटो आजही आहेत. पण कॅमेरा बहुतेक गोऱ्या साहेबाच्या हातात आणि आपला शिपाई समोर उभा. कित्येक फोटोंखाली नुसतं 'भारतीय सैनिक' एवढंच. तो कोणाचा लेक, कोणाचा कुंकवाचा धनी, काही कळत नाही.

आता दुसरी गोष्ट. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर चढाई केली. साध्या शिपायांजवळही कॅमेरे होते. त्यांनी दोस्तांचे फोटो काढले, तसे जळालेल्या गावांचे आणि फासावर लटकवलेल्या माणसांचेही काढले. घरी पाठवलेले हे फोटो पुढे पुरावा ठरले. १९९५ मध्ये हॅम्बुर्गच्या एका संस्थेने त्यांचं प्रदर्शन भरवलं. सैन्याने निरपराधांना मारलं नाही, असं मानणारे लोक हादरले. पण काही फोटोंखालची माहिती चुकीची निघाली. तिथे मारणारे दुसरेच होते. १९९९ मध्ये प्रदर्शन थांबवलं, फोटो तपासले. मूळ गोष्ट खरीच ठरली, आणि २००१ मध्ये नव्याने मांडणी झाली.

म्हणजे फोटो खोटा नसला, तरी त्याखालचे शब्द चुकू शकतात. मोबाईलवर लढाईचा फोटो आला की आधी विचारा: कुठला, कधीचा, कोणी काढला? मगच पुढे पाठवा.

आणि घरचा जुना फोटो उतरवा. म्हाताऱ्या माणसांना विचारून मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, साल लिहा. त्यातल्या बायांचीही नावं लिहा. 'अमक्याची बायको' एवढ्यावर भागवू नका.

येते मैत्रिणींनो. रामराम.